एका रेल्वेमार्गावरची इटली: सप्टेंबरात एमिलिया-रोमान्याची सहल कशी आखावी

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान असं आठ दिवसांत चार शहरांचं गणित मांडलं, की निम्मी सहल बॅगा ओढण्यात जाते. इमारती बघून होतात, पण हातांनी काही घडताना बघायला मिळत नाही. चीज कढईतून कसं वर येतं, मातीच्या थाळीवर रंग कसा बसतो, तिथलं लाटणं केवढं लांब असतं, हे ज्यांना जवळून बघायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी एकच प्रांत पुरेसा आहे: उत्तर इटलीतला एमिलिया-रोमान्या.

इ.स.पू. १८७ मध्ये मार्कुस एमिलियुस लेपिदुस या रोमन कॉन्सलने रिमिनीपासून पिआचेन्त्सापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत रस्ता बांधला. एमिलिया हे नाव त्याच्यावरूनच आलं. आजचा लोहमार्गही त्याच रस्त्याच्या सोबतीने धावतो. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या, फाएन्त्सा, रिमिनी अशी स्टेशनं माळेतल्या मण्यांसारखी एकामागून एक येतात. रावेन्नाला जायला तेवढा फाटा घ्यावा लागतो.

आखणी सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इथलं खरं काम सकाळी चालतं. चीजच्या कढया साडेदहा-अकराला धुऊन पालथ्या झालेल्या असतात, पास्ता लाटणाऱ्या बायकांचं निम्मं काम बाजार उघडण्याआधी उरकलेलं असतं, आणि दुपारी एक ते साडेतीन बरीच दुकानं बंद. हॉटेलचा नाश्ता दहापर्यंत रेंगाळत खाल्ला, तर पुढे फक्त दुकानांतल्या वस्तू बघायला मिळतील.

१. तारखा: गणपती गेल्यावर, घट बसायच्या आत

सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा उत्तम काळ. आपल्याकडे विसर्जन आणि घटस्थापना यांच्यामधला पंधरवडा बहुतेक वर्षी याच सुमारास येतो, त्यामुळे घरच्या सणांना धक्का न लावता जाता येतं. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टच्या आगेमागे इटली सुट्टीवर असते आणि लहान कारखाने, घरगुती खाणावळी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही बंद असू शकतात. दारावर ‘किउझो पेर फेरिए’ अशी पाटी दिसली तर मालक सुट्टीवर आहे असं समजा.

सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. व्हिनेगरसाठी रस उकळला जातो, डोंगरात बोर्गोतारोच्या बाजूला पोर्चिनी अळंबी निघतात आणि लाल भोपळा ताटात परततो. दुपारी साधारण २५ अंश आणि रात्री १५ च्या आसपास, म्हणजे पुण्याच्या हिवाळ्यातल्या दिवसासारखी हवा. महिन्याच्या शेवटी पाऊस वाढतो. एक पातळ जाकीट, छत्री आणि दगडी फरशीवर घसरणार नाहीत असे बूट घ्या.

सापळा: सप्टेंबरच्या उत्तरार्धात बोलोन्यात चेरसाये हे टाइल्सचं जंगी व्यापारी प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यात हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि तरीही खोल्या मिळत नाहीत. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघा. तो आठवडा टाळता येत नसेल तर मुक्काम मोदेना किंवा फाएन्त्सात ठेवा.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. पण त्या शेवटच्या मुदतीवर विसंबू नका. सप्टेंबरच्या प्रवासासाठी मे-जूनमध्येच व्हिसा अर्ज केंद्रात भेटीची वेळ घ्या, कारण उन्हाळ्यात वेळा मिळणं हीच खरी अडचण असते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

जवळ काय हवं:

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण
- बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या. नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद
- दिवसवार आखणी जोडलेलं पत्र

बारीक यादी बदलत राहते, म्हणून भेटीच्या आठवड्यात ती पुन्हा तपासा. अर्ज अडखळतात ते बहुतेक वेळा तारखांच्या विसंगतीमुळे. पत्रात नऊ रात्री, हॉटेलच्या कागदावर आठ, विमा सातच दिवसांचा, असं होऊ देऊ नका. सहलीत फ्रान्स किंवा स्वित्झर्लंड जोडणार असाल तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री आहेत त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो.

३. मुक्काम एकाच ठिकाणी

आठ-नऊ रात्री असतील तर सगळ्या बोलोन्यात काढा. इथून मोदेना अर्ध्या तासावर, फाएन्त्सा साधारण ३५-४० मिनिटांवर, पार्मा तासाभरावर, रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास. मिलानहून वेगवान गाडी तासाभरात येते, फ्लॉरेन्सहून ३५-४० मिनिटांत. बोलोन्याच्याच विमानतळावर उतरलात तर एकरुळी गाडी सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनात सोडते.

घर किंवा हॉटेल स्टेशन आणि पियाझ्झा माज्जोरे हा मुख्य चौक यांच्या मध्ये घ्या. शहरभर कमानींचे छायादार पदपथ आहेत. ते एकूण सुमारे ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. त्यामुळे पावसातही पायी फिरता येतं. एक सकाळ सान लूकाच्या टेकडीसाठी राखा. ६६६ कमानींखालून जवळपास चार किलोमीटरची चढण आहे, आणि तिचं बक्षीस म्हणून वरून अख्खा मैदानी प्रदेश दिसतो. आसिनेल्ली मनोऱ्यावर चढण्याच्या आशेने मात्र जाऊ नका. शेजारचा कललेला गारिसेंदा मनोरा धोक्यात आल्यामुळे २०२३ पासून दोन्हींभोवती कुंपण आहे. उंचावरून शहर बघायचं असेल तर पालाझ्झो दाक्कुर्सियोच्या घड्याळ-मनोऱ्याचं तिकीट आधी काढा.

हॉटेलात शहराचा मुक्काम-कर माणशी, रात्रीगणिक वेगळा आकारतात. तो बहुतेकदा आरक्षणाच्या रकमेत नसतो.

४. गाड्या: तिकीट काढणं निम्मं काम

प्रादेशिक गाड्यांना, म्हणजे ‘रेज्योनाले’ला, आरक्षण नसतं आणि दर आदल्या दिवशीही तोच राहतो. त्यामुळे घाई करून आधी तिकीट काढण्यात काही फायदा नाही. वेगवान गाड्यांचं उलट आहे. ती तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त.

दंड होतो तो पुढच्या पायरीवर. कागदी प्रादेशिक तिकीट फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो. मोबाइलवरच्या तिकिटाला प्रवासाआधी ‘चेक-इन’ करावं लागतं. पैसे भरलेत म्हणून तपासनीस सोडत नाही.

बोलोन्या स्टेशनात आणखी दोन गोष्टी चुकवतात. फलकावर ‘३’ आणि ‘३ ओवेस्त’ हे दोन वेगळे फलाट आहेत. ओवेस्त म्हणजे पश्चिमेकडचा, आणि तो बराच लांब आहे. वेगवान गाड्या १६ ते १९ या जमिनीखालच्या फलाटांवरून सुटतात. तिथे उतरायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.

संप इथे नित्याचे आहेत, आणि बऱ्याचदा शुक्रवारी. ‘शोपेरो’ हा शब्द दिसला की समजा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या हमखास चालवल्या जातात. त्या दिवशी परतीचा बेत याच वेळांत बसवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. जुन्या शहरांच्या मध्यभागी फक्त परवानगी असलेल्या वाहनांना प्रवेश असतो. त्या हद्दीवर कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी भाडे कंपनीमार्फत घरी येतो. या सहलीला गाडीची गरज फक्त चीज कारखान्याच्या दिवशी भासते, आणि त्यावर दुसरा उपाय आहे.

५. चीजची सकाळ

पार्मिजानो रेज्जानो हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या जिल्ह्यांत, बोलोन्याच्या रेनो नदीपलीकडच्या डाव्या काठावर आणि मान्तोवाच्या पो नदीच्या उजव्या काठावर बनतं. दुसरीकडे बनवलेल्याला ते नाव लावता येत नाही. कारखान्याला ‘काझेइफीचो’ म्हणतात. गायी रोज दूध देतात, म्हणून तो रविवारीही चालतो.

काय बघायचं ते माहीत असेल तर दोन तास पुरत नाहीत. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ भांड्यांत ठेवतात, वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं सायीसकट दूध मिसळतात. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत सुमारे १,१०० लिटर दूध मावतं. त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं विरजण आणि वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट घालतात. दही बसलं की ‘स्पीनो’ नावाच्या मोठ्या तारेच्या फुग्याने ते गव्हाच्या दाण्याएवढं होईपर्यंत फोडतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. दाणे तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. मग येतो तो क्षण ज्यासाठी लवकर उठायचं: दोन माणसं लाकडी फावड्याने तो गोळा उचलतात, कापडात झेलतात आणि सुरीने त्याचे दोन सारखे भाग करतात. त्यांना ‘जुळी’च म्हणतात. एका कढईतून दोन चाकं, पिकल्यावर प्रत्येकी जवळपास ४० किलोंची.

पुढे मिठाच्या पाण्यात साधारण २० दिवस, आणि मग फळ्यांवर किमान १२ महिने. वर्षाने तपासनीस छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून ऐकतो. आत भेग असेल तर आवाज पोकळ येतो. आपण नारळ किंवा कलिंगड वाजवून घेतो तसंच हे, फक्त इथे त्या आवाजावर चाकावर मोहोर उमटणार की नाही हे ठरतं.

कसं गाठायचं: चीज संघाच्या संकेतस्थळावर भेट देता येणाऱ्या कारखान्यांची यादी असते. दोन-तीन आठवडे आधी लिहा आणि साडेआठ-नऊची वेळ मागा. ‘भेट ११ वाजता’ असं उत्तर आलं तर दुसरा कारखाना बघा. अकराला फक्त कोठार आणि विक्रीचं दुकान दाखवतात. बहुतेक कारखाने गावाबाहेर आहेत. मोदेना किंवा पार्मा स्टेशनवरून टॅक्सी घ्या आणि परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवा, कारण तिथे रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही. चौघं असाल तर खर्च आटोक्यात राहतो. एकटे-दुकटे असाल तर बोलोन्यातून निघणारी छोट्या गटाची सहल परवडते. आत टोपी आणि बुटांवर चढवायची आवरणं देतात. जमीन ओली असते, म्हणून चपला नकोत.

चव घेताना १२, २४ आणि ३६ महिन्यांचं त्याच क्रमाने खा. पहिल्यात दुधाची गोडी असते. तिसऱ्यात दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण लागतात. ते मीठ नाही, प्रथिनं मोडून तयार झालेले अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत.

६. माळ्यावरचं व्हिनेगर

मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिको आणि दुकानातल्या मोठ्या बाटलीतलं ‘बाल्सामिको’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

पारंपरिक प्रकारात फक्त द्राक्षांचा उकळून आटवलेला रस असतो. त्रेब्बियानो आणि लाम्ब्रुस्को जातींचा रस उघड्या भांड्यात मंद आचेवर कित्येक तास आटवतात. सप्टेंबरात गेलात तर तो वास गल्लीत येतो. गुऱ्हाळाच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. आटवलेल्या रसाचा दाट पाक म्हणजे ‘साबा’, आणि आपल्या काकवीचा तो सख्खा भाऊ शोभतो. पुढे तो रस ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांच्या, उतरत्या आकाराच्या पिंपांच्या रांगेत जातो. दर वर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडंसं काढतात, ते शेजारच्या मोठ्यातून भरतात, आणि असं करत शेवटी सगळ्यात मोठ्यात नवा रस घालतात. पिंपं माळ्यावर ठेवतात ती जागा वाचवायला नव्हे. उन्हाळ्यात छप्पर तापून पाणी उडतं आणि हिवाळ्यात थंडीने सगळं निवळतं. हा चढउतार नसेल तर रस दाटच होत नाही.

किमान १२ वर्षं, आणि ‘एक्स्त्रावेक्कियो’ लिहिलं असेल तर किमान २५. मोदेनाची बाटली १०० मिलिलिटरची, गोल पोटाची आणि चौकोनी बैठकीची असते. तिची रचना जोर्जेत्तो जुजारो या मोटारींच्या रचनाकाराची. १२ वर्षांचं साधारण ४०-६० युरोंना, २५ वर्षांचं त्याच्या दुप्पट. चिठ्ठीवर ‘त्रादित्सियोनाले’ (पारंपरिक) आणि ‘डीओपी’ (मूळ ठिकाणाचं संरक्षित नाव) हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं ‘आयजीपी’ (सैल नियमांचा भौगोलिक शिक्का) असेल तर त्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं आणि ते ६० दिवसांतही तयार होऊ शकतं. कोशिंबिरीला ते चांगलं आहे, फक्त २५ युरो देऊन घेऊ नका.

अशा घरांना ‘आचेताया’ म्हणतात. मोदेनाच्या नगरपालिकेच्या इमारतीतही माळ्यावर एक आहे, आणि स्टेशनवरून चालत जाता येणारी ती सगळ्यात सोपी जागा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारच्या सुमारास बरीच कुटुंबं ‘आचेताये आपेर्ते’ म्हणून दारं उघडी ठेवतात. त्या दिवशी एरवी बंद असलेले माळेही बघता येतात. चव चमच्याच्या टोकावर दोन थेंब. स्वयंपाकात ते गॅसवर चढवू नका. उतरवल्यावर वरून घाला. चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर, व्हॅनिला आइस्क्रीमवर.

त्याच दिवशी मोदेनाचा आल्बिनेल्ली बाजार बघा. १९३१ चा हा झाकलेला बाजार दुपारी लवकर आवरतो, म्हणून आधी बाजार आणि मग व्हिनेगर.

७. ताटात नेमकं काय आहे: शाकाहारी वाचकांसाठी

हा प्रांत डुकराच्या मांसावर आणि चरबीवर वाढला आहे. ‘भाज्या आहेत ना, मग शाकाहारी’ हे गृहीतक इथे रोज फसतं. कुठे काय असतं ते असं:

- तोर्तेल्लिनी (सारण भरलेला छोटा पास्ता): सारणात डुकराचं मांस आणि बाहेर मांसाचा रस्सा. शाकाहारी पर्याय म्हणजे मोठे तोर्तेल्लोनी, रिकोत्ता चीज भरलेले, लोणी आणि सेज पानांत परतलेले. पार्मात तोर्तेल्ली देर्बेत्ता (रिकोत्ता आणि पालेभाजी) आणि भोपळ्याचे तोर्तेल्ली दि झुक्का मागा.
- पियादिना (पातळ पोळी), तिजेल्ले (छोट्या जाड भाकऱ्या), न्योक्को फ्रित्तो (तळलेले पिठाचे तुकडे): पिठात डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’, असू शकते. पियादिनाच्या टपरीवर ऑलिव्ह तेलाची वेगळी पोळी बऱ्याचदा मिळते. ‘सेंझा स्त्रुत्तो’ म्हणा.
- रिझोत्तो (रश्श्यात शिजवलेला भात) आणि सूप: रस्सा मांसाचा असू शकतो. ‘इल ब्रोदो ए दि कार्ने?’ असं विचारा.
- एर्बाझ्झोने: पालेभाजी भरून भाजलेली पोळी दिसते, पण आत चरबी किंवा मांसाचे तुकडे असतात.
- पान्ना कोत्ता (सायीचा गोड पदार्थ): प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं.
- चीज: पार्मिजानोत नियमाप्रमाणे वासराचं रेनेट असतंच, त्यात अपवाद नाही. रेनेट चालत नसेल तर ‘काल्यो वेजेताले’ (वनस्पतीजन्य रेनेट) लिहिलेलं चीज शोधा. मास्कारपोनेत रेनेट नसतं.

अंडं न खाणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा. एमिलियात ताजा पास्ता म्हणजे अंड्याचा. वाळवलेला पास्ता बहुतेक अंड्याविना, आणि रोमान्यातले पीळ दिलेले स्त्रोत्साप्रेती पाणी-पिठाचे असतात. युरोपीय कायद्यानुसार उपाहारगृहाला १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यांत अंडं आणि दूध आहे. म्हणून ‘लिस्ता देल्यी आल्लेर्जेनी’ मागितली की अंड्याचा प्रश्न कागदावर सुटतो. चरबी, मांसाचा रस्सा आणि रेनेट मात्र त्या यादीत नसतात. ते तोंडानेच विचारावं लागतं. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांसाठी बाहेरचं जेवण फार अवघड आहे, कारण बहुतेक सॉसची सुरुवातच कांदा-गाजर-सेलेरीच्या फोडणीने होते. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि मेर्कातो देल्ले एर्बे बाजारातून भाजी आणा.

सप्टेंबरची एक खास गोष्ट चुकवू नका: ‘सूगो दूवा’. द्राक्षाचा ताजा रस आणि पीठ शिजवून केलेली जांभळी खीर. अंडं नाही, दूध नाही, जिलेटिन नाही. हंगाम सरला की ती दुकानांतून नाहीशी होते.

जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. बिलात माणशी दोन-तीन युरोंचा ‘कोपेर्तो’ दिसेल. ती फसवणूक नाही, बैठकीचा आकार आहे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त.

८. लाटणं हातात घ्या

पास्ताचा वर्ग निवडताना एकच प्रश्न विचारा: लाटणं की यंत्र? यंत्राचा असेल तर घरीही जमेल, पैसे वाचवा. बोलोन्याच्या ‘स्फोल्यीना’, म्हणजे पास्ता लाटणाऱ्या बायका, जवळपास मीटरभर लांब लाटण्याने काम करतात. प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम मैद्यासारखं बारीक पीठ, एक अंडं. दहा-पंधरा मिनिटं मळायचं, झाकून अर्धा तास ठेवायचं आणि लाकडी पाटावर लाटायचं. लाकूडच का, तर त्याच्या खरखरीने पोळीला बारीक खडबडीतपणा येतो आणि सॉस तिला धरून राहतो. गुळगुळीत ओट्यावर ते होत नाही.

चपात्या लाटणाऱ्या हाताची इथे एक ठरलेली चूक होते. आपण पोळी फिरवत गोल करतो आणि दाब मध्यावर देतो. इथे पोळी लाटण्यावर गुंडाळून, हात मधून कडेकडे सरकवत ताणायची असते. पीठ भुरभुरू नका, नाहीतर कडा चिकटणार नाहीत. तोर्तेल्लिनीचे तुकडे कापल्या कापल्या भरा. पाच मिनिटांत पोळी वाळते, घडीवर तडकते आणि उकळत्या पाण्यात सारण बाहेर येतं. पोळी इतकी पातळ हवी की तिच्यातून सान लूका दिसावं, असं बोलोन्यात म्हणतात. ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्ताची रुंदीही ठरलेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर. १९७२ मध्ये ती शहराच्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवली गेली.

फोर्लिम्पोपोली गावातल्या कासा आर्तुझी या संस्थेतही वर्ग चालतात, आणि तिथे पियादिना शिकता येते. १८९१ मध्ये घरगुती इटालियन स्वयंपाकाचा संग्रह छापणारे पेल्लेग्रीनो आर्तुझी याच गावचे.

९. फाएन्त्सा: मातीचा दिवस

फाएन्त्साच्या नावावरूनच फ्रेंचमध्ये चकाकीच्या मातीकामाला ‘फायांस’ म्हणतात. दिवसाची सुरुवात आंतरराष्ट्रीय सिरॅमिक संग्रहालयात करा. गाएतानो बाल्लार्दीनींनी ते १९०८ मध्ये सुरू केलं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं आणि नंतर पुन्हा उभं राहिलं. सोमवारी बंद असतं. आधी संग्रहालय आणि मग कारखाने हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण डोळा तयार झाला की दुकानातली नक्कल लगेच कळते.

माजोलिका, म्हणजे पांढऱ्या चकाकीवर रंगवलेल्या मातीकामाची पद्धत अशी: भांडं एकदा हजार अंशांच्या आसपास भाजतात. मग कथिलाचं ऑक्साइड असलेल्या पांढऱ्या काल्यात बुडवतात. तो वाळून पिठासारखा कोरडा होतो आणि त्याच्यावर रंगवतात. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. कुंचला टेकताक्षणी कोरडा थर रंग शोषून घेतो, त्यामुळे खोडता येत नाही. मग दुसरी भट्टी, आणि त्यात काला वितळून रंग काचेत बसतो. दोन तासांच्या वर्गात तुम्ही रंगवलेली टाइल त्याच दिवशी मिळत नाही. भट्टी आणि थंड होणं धरून दोन-तीन दिवस लागतात. म्हणून फाएन्त्सा सहलीच्या सुरुवातीला ठेवा, किंवा टपालखर्च आधी विचारा.

विकत घेताना भांडं तिरपं धरून उजेडात बघा. हाताने रंगवलेल्यावर कुंचल्याची जाडी-पातळी दिसते आणि दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. मागे कारखान्याचं नाव आणि ‘फाएन्त्सा’ हाताने लिहिलेलं हवं. जेवायला वापरणार असाल तर ‘पेर आलिमेंती?’ विचारा. काही तुकडे फक्त शोभेचे असतात. सम वर्षांत सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुमारास आर्जिल्ला हा कुंभारांचा मोठा बाजार भरतो. जमलं तर तारखा त्याच्याभोवती बसवा.

१०. रावेन्ना: पाच मिनिटांसाठी आरक्षण

रावेन्ना बघायचं ते मोझेकसाठी, म्हणजे काचेच्या तुकड्यांच्या भिंतीचित्रांसाठी. पाच वास्तूंचं एकत्र तिकीट मिळतं, पण गाल्ला प्लाचिदियाची समाधी आणि निओनियानो बाप्तिस्मागृह यांना ठरलेली वेळ घ्यावी लागते, आणि आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. वेळ तिकिटाबरोबरच ठरवा. दारातून आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावायलाच एक मिनिट जातं, म्हणून फोन खिशात ठेवा आणि मान वर करा. निळ्या छतावरचे सोनेरी तारे हळूहळू उजळतात.

सान व्हिताले हे चर्च ५४७ मध्ये समर्पित झालं. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची चित्रं उंचावर आहेत, छोटी दुर्बीण असेल तर न्या. काचेचे तुकडे सपाट बसवलेले नाहीत. प्रत्येक तुकडा किंचित तिरका आहे, म्हणून तुम्ही चाललात की भिंत चमकते. सोनेरी तुकड्यांत सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये असतो. हे हाताने करून बघायला शहरात अर्ध्या दिवसाचे वर्ग आहेत. लाकडाच्या ओंडक्यात रोवलेल्या पात्यावर काच ठेवून दुधारी हातोडीने तोडतात. चष्मा लावा, कपच्या उडतात.

कवी दान्तेची समाधीही इथेच. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी फ्लॉरेन्स शहर तिथल्या दिव्यासाठी तेल घेऊन येतं.

११. वेळ उरला तर: गंजाचे ठसे आणि व्हेर्दीची संध्याकाळ

सांतार्कांजेलो दि रोमान्यात लोखंडाचा गंज, व्हिनेगर आणि पीठ यांच्या लेपाने कापडावर ठसे उमटवतात. ठसे नासपतीच्या लाकडाचे, आणि वरून मोगरीचा घाव. लोखंडाच्या पाण्यातून काळा रंग काढणारी राजस्थानातल्या बगरूची छपाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही भाषा कळेल. मार्की यांच्या कारखान्यात कापडाला इस्त्री करणारं १६३३ चं अवाढव्य लाकडी चाक अजून आहे. रिमिनीच्या अलीकडचं स्टेशन; आधी कळवून जा.

पार्मात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑपेराकार व्हेर्दीच्या नावाचा महोत्सव असतो. तेआत्रो रेज्यो हे १८२९ चं नाट्यगृह. सगळ्यात वरच्या सज्जाची, ‘लोज्जोने’ची, तिकिटं स्वस्त असतात, आणि ऑपेराचे सगळ्यात काटेकोर श्रोते तिथेच बसतात. परतीची शेवटची गाडी बघूनच तिकीट काढा.

१२. खरेदी आणि परतीची बॅग

एका दुकानात एका दिवशी ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर कर-परताव्याचा कागद मागता येतो. पासपोर्ट जवळ हवा. वस्तू न वापरलेल्या ठेवा आणि युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, बॅग देण्याआधी, कागद मंजूर करून घ्या. फ्रँकफर्टमार्गे येत असाल तर हातातल्या बॅगेतल्या वस्तूंचं काम फ्रँकफर्टला होतं, आणि तिथे रांगेला तासभर धरा. थेट भारतापर्यंत दिलेल्या बॅगेतल्या वस्तूंचं मात्र जिथे बॅग देता त्या इटालियन विमानतळावरच.

मातीची भांडी हातातल्या बॅगेत, प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळून. थाळ्या आडव्या न ठेवता उभ्या. व्हिनेगर सामानाच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन प्लास्टिक पिशव्यांत. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ भारतात आणायला प्राणी-संगरोधाचे नियम लागू होतात, त्यामुळे हॅम आणि चीज तिथेच मनसोक्त खा. वाळवलेला पास्ता, साबाची बाटली, ठशाचा टेबलक्लॉथ आणि मीटरभर नको असलं तर साठ सेंटिमीटरचं लाटणं, एवढं सुखरूप येतं. लाटणं मात्र सामानाच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.